डीसीचा चार्ज

पयलेच सांगून ठेवते, मले कॉम्प्युटरचा राग नाई. मले माणसाईचा राग आहे.

दिग्रसले आमची जिनिंग-प्रेसिंगची सहकारी संस्था आहे. तिथं मी, जमनी राठोड, काट्यावर बसते. कापसाची गाडी आली की भरलेली मोजाची, खाली झाली की पुन्हा मोजाची, अन् आकडा कॉम्प्युटरात टाकाचा. बारा वर्षं झाले. पण कागदावर पाहाल तर माये बारा वर्षं नाईच. अकरा-अकरा महिन्याचे तेरा तुकडे आहेत. अकरा महिन्याचा ऑर्डर, मंग एका दिवसाचा खंड, मंग नवा ऑर्डर. खंड पडला की माणूस पर्मनंट होत नाई, हे ज्यानं शोधून काढलं त्याच्या तोंडात किडे पडो.

अन् मजा ऐका. खंडाच्या दिवशी मी कामावर नाई असं हजेरी रजिस्टर म्हणते. त्याच दिवशी सकाळी नऊ वाजता आमचे अध्यक्ष रूपसिंगभाऊ चव्हाण यायचा फोन येते, "जमने, गाड्यायची लाइन लागली, कुठी मेली तू?" मी जाते. बिनहजेरीची जाते. आतापर्यंतच्या बाराच्या बाराही खंडात गेली.

शेवटी डोकसं फिरलं अन् म्या यवतमाळले कामगार कार्यालयात अर्ज ठोकला, की मले कायम करा. तिथल्या मॅडम चांगल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, सलग कामाचा सहीशिक्क्याचा पुरावा आणा. गुरुवारी सुनावणी." सहीशिक्क्याचा पुरावा कुठून आणू? रजिस्टर भाऊच्या कपाटात, चावी भाऊच्या खिशात. गुरुवारी पुरावा नसला तर अर्ज खारीज, अन् अर्ज खारीज झाला तर चौदावा ऑर्डर मले भेटणार नाई, हे भाऊनं हसत हसत सांगून ठेवलं होतं.

त्याच हप्त्यात धम्मरत्न आला. धम्मरत्न म्हणजे बसस्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे नं, तो. आमच्या हाफिसात नऊ कॉम्प्युटर, अन् त्या नवाईवर एक मालक. तो स्टोररूममधे लोखंडी टेबलाखाली बसलेला एक मोठा काळा डब्बा. सकाळी आपण नाव अन् पासवर्ड टाकला की हा डब्बा सांगते, ही आपलीच आहे, येऊ द्या. त्यानं नाई म्हटलं तर काटा उघडत नाई. त्याचं नाव डोमेन कंट्रोलर. धम्मरत्न त्याले डीसी म्हणते. आमच्या शिपाई मथुराबाई त्याच्यावर आपला डबा ठेवते, कारण दुपारपर्यंत भाजी गरम राहते.

धम्मरत्न खाली बसला, स्क्रीन लावली अन् म्हणाला, "ताई, म्हातारा झाला हा. आवाज पाहा कसा, पीठगिरणी चालू आहे जशी. सीझनमधे मेला तर काटा बंद पडन. नवा घ्या लागते."

मंग तो सगळ्यायचे खाते पाहून राह्यला होता. एका जागी थांबला. "ताई, तुमचं खातं सतरा जून दोन हजार तेराले उघडलं."

"मंग? त्याच दिवशी मी लागली."

"बाकी कंत्राटी पोरायचे खाते ऑर्डर संपला की बंद केले, नव्या ऑर्डरवर पुन्हा उघडले. तुमचं एकदाही बंद नाई केलं. एक दिवस बी नाई."

खरं आहे. कायले बंद करतीन? खंडाच्या दिवशी बी मलेच बोलवत होते नं! बारा वर्षं मले वाटत होतं की मी खरंच होती हे फक्त माया याडीले, म्हणजे मायले, अन् मलेच माईत आहे. अन् इथं टेबलाखाली एक डब्बा बसला होता, त्याले बी माईत होतं.

"प्रिंट काढ," म्या म्हटलं.

"काढतो. पण त्यावर सही कोणाची? बिनसहीचा कागद म्हणजे चिवड्याचा पुडा, ताई. अन् दुसरं असं, की अध्यक्ष म्हणते जुनं काईच नको, सगळं कोरं करकरीत करून दे. कोरं केलं तर तुमचं खातं या मंगळवारी उघडलं असं दिसन. बारा वर्षं साफ."

मले असं वाटलं की तो डब्बा उचलून रूपसिंगभाऊच्या गाडीवर टाकावा. पण डब्बा जड होता.

आता बडेबाबूचं सांगा लागते, नाईतर पुढचं समजणार नाई. उकंडराव बडेबाबू. चौतीस वर्षं नोकरी, एक वर्ष बाकी. कागदाबिगर माणूस श्वास बी घेते कसा, याचं त्यायले नवल वाटते. त्यायनं धम्मरत्नले सांगितलं, की बदल कराचा तर लेखी पत्र पाह्यजे. धम्मरत्ननं तिथंच उभ्यानं लिवून देल्लं:

"महोदय, आपला जुना डीसी जीर्ण झाल्याने मंगळवार रोजी त्यास सेवेतून कमी करून त्याजागी नवीन डीसी बसविण्यात येत आहे. तरी परवानगी मिळावी."

बडेबाबूनं पत्राचा फोटो रूपसिंगभाऊले पाठवला. भाऊ तेव्हा पुसदच्या रस्त्यावर गाडीत होते. कॉम्प्युटर बदलून राह्यला हे भाऊले माईत होतं, पण त्याले डीसी म्हणते हे नाई; भाऊच्या डोक्यात डीसी म्हणजे एकच, डेप्युटी कलेक्टर. डीसी बदलून राह्यला, नवा येऊन राह्यला, अन् ही खबर आपल्याले सगळ्याच्या आधी भेटली! भाऊनं पत्रावर "परवानगी आहे. निरोप व स्वागत समारंभ संस्थेतर्फे घेण्यात यावा" असं लिवून वापस पाठवलं.

बडेबाबूले त्यात काईच वावगं दिसलं नाई. बारा वर्षं सेवा झाली, निरोप नको का?

मंगळवारी अकरा वाजता आवारात मंडप, साठ खुर्च्या, चिवडा, चहा. आजूबाजूच्या गावचे तीन सरपंच, एक पत्रकार, अन् अर्ज घेऊन आलेले पंधरा-वीस लोक. कोणाले रस्ता पाह्यजे, कोणाले सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त कराचं. रूपसिंगभाऊ पांढरे शुभ्र कपडे घालून उतरले. हातात शाल, श्रीफळ.

"साहेब आले का?"

"आहे नं, आतच आहे," बडेबाबू म्हणाले. "बारा वर्षं झाले, आतच आहे." अन् भाऊले स्टोररूममधे घेऊन गेले. मी दारातच उभी होती. भाऊनं इकडे पाह्यलं, तिकडे पाह्यलं. टेबलाखाली डब्बा, डब्ब्यावर मथुराबाईचा डबा.

"हे काय आहे?"

"जुना डीसी."

"अन् नवा?"

धम्मरत्ननं खोक्याकडे बोट दाखवलं. भाऊचं तोंड पाहण्यासारखं झालतं. बाप्पा! मी पदर तोंडात कोंबून भिताडाकडे वळली.

"उकंडराव, तुमाले माईत होतं?"

"हो नं. पत्रात साफ लिवलं होतं. मले वाटलं तुमाले बी माईत आहे. मी मनातच म्हटलं, आपले अध्यक्ष किती मोठ्या मनाचे, मशीनले बी शाल देते."

बाहेर तिसरा सरपंच माइकवर "हॅलो, हॅलो, चेक" करून राह्यला होता. भाऊले दोनच रस्ते होते. साठ लोकायसमोर म्हणाचं की माया घोळ झाला, नाईतर निभवून न्याचं. आमच्या भाऊनं जिंदगीत कधी माया घोळ झाला असं म्हटलं नाई.

"आणा बाहेर," भाऊ म्हणाले.

"चालू आहे तो!" धम्मरत्न ओरडला. "वायर काढली तर मरन!"

मंग सहा जणायनं डीसी टेबलावर ठेवून टेबलासकट उचलला, त्याले करंट देणारा छोटा इन्व्हर्टर मथुराबाईनं कडेवर घेतला, तिच्यामागं धम्मरत्न वायरी धरून, अन् अशी ती वरात मंडपात गेली. नवा डीसी बाजूले मांडला. एका खुर्चीवर जुना, एका खुर्चीवर नवा. लोकायनं टाळ्या वाजवल्या. चिवडा भेटला असला की लोक कायलेही टाळ्या वाजवते.

धम्मरत्न कानात म्हणाला, "ताई, मी आता नव्यावर कोरं टाकून देतो, दहा मिनिटाचं काम." तेवढ्यात बडेबाबू उभे राह्यले.

"कोरं? कोऱ्याले चार्ज कोण देईन? जुन्यानं नव्याले चार्ज देल्ल्याबिगर कोणी जात नाई. दोन हजार चारमधे एक चौकीदार चार्ज न देता वारला, अजून त्याची फाइल बंद नाई झाली."

"बडेबाबू, मशीन आहे ती."

"मशीन असो का महाराज असो."

खरं सांगते, बारा वर्षात त्या माणसाचा मले पयल्यांदा लाड आला. कारण चार्ज द्याचा म्हटलं की नव्याले जुन्याच्या बाजूले बसवून सगळे खाते जसेच्या तसे, तारखेसकट उतरवा लागते. धम्मरत्ननं माह्याकडे पाह्यलं, म्या त्याच्याकडे पाह्यलं. "ठीक आहे," तो म्हणाला, "देतो चार्ज. पाच जिम्मेदाऱ्या आहेत याच्याकडे, एक एक करून द्या लागते."

मंग बडेबाबूनं आपल्या झोळीतून चार्ज लिस्टचा फॉर्म काढला. तो माणसाईचा फॉर्म होता. नाव, पद, रुजू दिनांक, सेवेतील खंड, शेरा.

"हा मशीनले कसा चालन?" धम्मरत्न म्हणाला.

"डीसीच्या ताब्यात कोण होते? नऊ माणसंच नं? मंग त्यायचीच यादी. जमनी, तुयं अक्षर चांगलं आहे, लिव्ह."

मी लिवाले बसली. धम्मरत्न स्क्रीनवरून वाचे, मी लिवो. बडेबाबू स्वतः. लेखापाल. गेटवाला. ज्याचं खातं बंद होऊन पुन्हा उघडलं त्याच्या रकान्यात खंडाच्या तारखा. सातवं नाव माह्यं.

"जमनी राठोड. काटा. रुजू सतरा जून दोन हजार तेरा."

लिवलं. पुढचा रकाना, सेवेतील खंड. माया पेन तिथंच अटकला.

धम्मरत्न हळूच म्हणाला, "याच्यात तर खंड नाई, ताई."

बडेबाबूनं चष्म्यावरून पाह्यलं. त्यायले माया अर्जाचं माईत नव्हतं असं नाई. हाफिसात सगळ्यायले माईत होतं. ते म्हणाले, "नसन तर निरंक लिव्हा. रकाना रिकामा ठेवाचा नाई."

निरंक. म्या लिवलं. अनुस्वार कुठचा कुठी पडला, म्हणून पुन्हा गिरवला.

इकडे भाऊचं भाषण सुरू झालं. "ज्या डीसीनं बारा वर्षं एकही सुट्टी न घेता, एकही तक्रार न करता, ऊन पाह्यलं नाई का पाऊस पाह्यला नाई..." माह्या मस्तकात तिडीक गेली. अरे, त्याच वर्षी तो आला, त्याच वर्षी मी आली! त्यानं बी सुट्टी घेतली नाई, म्या बी घेतली नाई. त्या डब्ब्याले शाल, अन् मले खंड? माह्या डोळ्यात पाणी आलं. बाजूच्या सरपंचाले वाटलं मी डीसीसाठी रडून राह्यली. त्यानं मले रुमाल देल्ला.

पाचपैकी चार जिम्मेदाऱ्या गेल्या. पाचवी अटकली. स्क्रीनवर गोल फिरून राह्यलं होतं. धम्मरत्ननं भाऊले हातानं खूण केली, की वाढवा. भाऊनं भाषण वाढवलं. डीसीचं बालपण सांगितलं. कसा नागपूरहून एसटीच्या टपावर आला, कसा घाटात दोरी तुटता तुटता वाचला. अर्ज घेऊन आलेल्यायपैकी एक म्हातारा उठला अन् त्यानं आपला सातबाऱ्याचा अर्ज जुन्या डीसीच्या पुढं ठेवून हात जोडले. त्याचं पाहून बाकीचेही उठले. बडेबाबूनं प्रत्येक अर्जावर आवक क्रमांक टाकला.

"झालं!" धम्मरत्न ओरडला. "गेली पाचवी! आता फक्त जुन्याले डिमोट कराचं."

"काय कराचं?" बडेबाबूनं विचारलं.

"डिमोट. असंच म्हणते त्याले."

"निरोपाच्या दिवशी डिमोशन?" बडेबाबू लाल झाले. "बारा वर्षं एक मेमो नाई त्याले! काय गुन्हा केला? चौकशी झाली का? खुलासा मागवला का?"

"हे बराबर नाई," पयला सरपंच म्हणाला. "बिचाऱ्याच्या पेन्शनवर परिणाम होईन." दोन-चार जणायनं "निषेध, निषेध" म्हटलं. ज्यायले डीसी कोण हेच समजलं नव्हतं, ते जास्त जोरात म्हणाले. शेवटी असं ठरलं, की आधी सन्मानानं सेवानिवृत्त कराचं, मंग निवृत्तीनंतर खासगीत जे कराचं ते करा. धम्मरत्ननं कपाळावर हात मारला अन् चहा मागवला.

भाऊनं जुन्याले शाल पांघरली, हार घातला. तो पत्रकार म्हणे, "अध्यक्षसाहेब, जरा खाली वाका, इकडे पाहा." तेवढ्यात बडेबाबूनं चार्ज लिस्ट भाऊपुढं सरकवली. चार्ज घेणाऱ्याच्या जागी "नवीन डीसीकरिता" म्हणून धम्मरत्नची सही होती. प्रतिस्वाक्षरीची जागा खाली होती. भाऊनं फोटोकडे पाहत पाहत सही केली. बडेबाबूनं फुंकर मारली, शिक्का मारला, अन् एक प्रत माह्या हातात देल्ली.

"यादीत नाव असलेल्या कर्मचाऱ्याले प्रत द्याची असते," ते म्हणाले. बाकी आठ जणायले काई देल्ली नाई.

बुधवारच्या पेपरात फोटो आला. डीसी शालीत अन् हारात असा बुडाला होता की आत माणूस आहे का मडकं, हे ओळखू येत नव्हतं. वर लिवलं होतं, "दिग्रस येथे डीसींना भावपूर्ण निरोप". पत्रकारानं चिवडा खाल्ला होता, डीसी कोण ते विचारलं नव्हतं. भाऊले महागाव, पांढरकवड्यापासून फोन आले, वा भाऊ, पयला नंबर लावला! भाऊनं तो फोटो स्टेटसले ठेवला. दोन दिवस काढला नाई.

गुरुवारी यवतमाळले सुनावणी. खोलीत मॅडम, त्यायचा कारकून, भाऊ, मी अन् दुसऱ्या संस्थेचे चार-पाच पदाधिकारी आपल्या तारखेची वाट पाहत बसलेले. म्या कागद मॅडमच्या पुढं ठेवला.

मॅडमनं वाचलं. "राठोड, काटा, रुजू सतरा जून दोन हजार तेरा. सेवेतील खंड, निरंक. प्रतिस्वाक्षरी, अध्यक्ष." त्यायनं भाऊकडे पाह्यलं. "तुम्ही तर लेखी दिलंय की दर अकरा महिन्यांनी खंड आहे."

"मॅडम, तो कागद तसा नाई," भाऊ फटकन उठले. "तो डीसीच्या चार्जचा कागद आहे."

"कोणत्या डीसीच्या?"

भाऊ बोलाले तोंड उघडणार, तोच मागच्या बाकावरून एक पदाधिकारी म्हणाला, "अहो, तेच ना, काल पेपरात होतं! काय जोरदार निरोप दिला अध्यक्षसाहेब तुम्ही. आमच्याकडून राहून गेलं बघा. साहेबांची बदली कुठे झाली?"

सगळे भाऊकडे पाहाले लागले. मी बी पाह्यलं. मनात म्हटलं, सांग आता. सांग की तो डीसी म्हणजे डब्बा. सांग की शाल कोणाले पांघरली अन् बालपण कोणाचं सांगितलं. सांग, अन् माह्या बारा वर्षावर पाणी टाक.

"मी एवढंच विचारते," मॅडम म्हणाल्या. "सही तुमची आहे का? आणि मजकूर खरा की खोटा?"

भाऊनं मागं पाह्यलं, पेपरवाल्या पदाधिकाऱ्याकडे पाह्यलं, मंग खाली बसले.

"सही माहीच आहे," भाऊ म्हणाले. "मजकूर... बराबर आहे."

मॅडमनं लिवून घेतलं. मी तिथंच, सगळ्यायसमोर, रडली. यावेळी रुमाल कोणी देल्ला नाई, म्हणून पदरानंच पुसलं.

दोन महिन्यानं कायमचा ऑर्डर आला. बडेबाबूनं तो दोनदा वाचला अन् फाइलीले लावला. जुना डीसी अजून स्टोररूममधे आहे. आता तो तापत नाई, म्हणून मथुराबाई आपला डबा त्या शालीत गुंडाळून ठेवते. भाऊनं शाल वापस मागतली होती. बडेबाबू म्हणाले, शाल जुन्या डीसीच्या नावावर आहे, त्याचा अर्ज आणा.

मंग एका सकाळी नऊ वाजता फोन वाजला. जुना हिशोब चालू असता तर त्या दिवशी माया तेरावा खंड असता.

"जमने, गाड्यायची लाइन लागली, कुठी मेली तू?"

मी आंगणात खाटेवर पाय पसरून बसली होती. हातात चहा होता.

"आज रजा आहे, भाऊ," म्या म्हटलं. "अर्ज बडेबाबूजवळ आहे. आवक क्रमांक टाकून."